इंग्लिश शिव्या: फिकी, मीडियम, तिखट

जगतापजींनी राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पाना ठेवला. पंखा फुल स्पीडवर होता, कागद उडाला असता.

“काय झालं?”

“त्या गोऱ्याने मला सिली म्हटलं. सगळ्यांच्या समोर, दोनदा. मॅडम, माझे पणजोबा दरबारच्या घोडदळात रिसालदार होते. अपन नाही ऐकून घेणार.”

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात एचआर मॅनेजर आहे. एचआर म्हणजे माणसं भरती करणं, असं लोकांना वाटतं. खरं काम रुसवे काढण्याचं. जगतापजी आमचे हेड फिटर, म्हणजे मशीन जोडणारे मुख्य कारागीर. अठ्ठावीस वर्षांची नोकरी. गोरा म्हणजे डेव्हिड, नवं पॅकिंग मशीन बसवायला इंग्लंडहून आलेला इंजिनिअर. मशीन काय, कसंही बसलं असतं. पण इतका भला माणूस असा अपमान घेऊन घरी जावा, हे मला बिलकुल नको होतं.

मी ग्रीव्हन्स फॉर्म काढला. हा तक्रारीचा छापील कागद. त्यात एक रकाना आहे: अपशब्दाची तीव्रता. सौम्य, मध्यम की गंभीर, यावर टिक करायची. साक्षीला युनियनचे यादवजी येऊन बसले.

“मॅडम, पहले ये बताओ,” ते म्हणाले, “ये सिली कितनी तीखी है?”

इंदूरच्या माणसाला मोजायचं हेच माप कळतं. मीही मग शेवेचं दुकान उघडलं, फिकीपासून तिखटापर्यंत. सिली ही फिकी शेव. आपण लाडाने ‘वेडाच आहेस’ म्हणतो तशी. फूल, म्हणजे मूर्ख, यात जरा मसाला आला. स्टुपिड मीडियम, कारण तो सरळ अकलेवर बोट ठेवतो. इडियट तिखट, पण दोस्ताने दोस्ताला म्हटलं तर गोड लागतो. मोरॉन मात्र हसत म्हटला तरी नाकातोंडातून पाणी काढतो.

“और बास्टर्ड?” यादवजींनी उत्साहाने विचारलं.

“तो माल आपण ठेवत नाही.”

जगतापजींच्या मिशा हलल्या. मला चेव आला. म्हटलं, शब्दाहून आवाज मोठा, हे करूनच दाखवते. यादवजींकडे बघून लाडिकपणे म्हटलं, “यू इडियट!” ते चक्क लाजले. मग चष्मा नाकावर घेतला, आवाज थंड केला आणि एकेक शब्द सुटा म्हटला, “डोन्ट बी सिली, मिस्टर यादव.”

यादवजी ताडकन उभे राहिले. “सॉरी मॅडम! मैंने क्या किया?”

आम्ही तिघंही असे हसलो की शेजारच्या अकाउंट्समधून कुणीतरी डोकावून गेलं. जगतापजी डोळे पुसत होते. पुसता पुसता त्यांना आठवलं की आपण राजीनामा द्यायला आलो आहोत. ते गंभीर झाले.

“म्हणजे तो लाडाने बोलला. मान्य. पण मॅडम, मस्करी बराबरीत होते ना? तो मला सिली म्हणणार, पाठीवर थाप मारणार, आणि अपन सर-सर करत राहायचं?”

माझं हसू तिथेच थांबलं. अर्धा तास मी शब्द तोलत बसले होते. या माणसाला काय लागलंय, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

डेव्हिडला बोलावलं. ऐकून तो शरमेने लालबुंद झाला. “ही कॅन कॉल मी एनीथिंग!” म्हणाला, म्हणजे यांनी मला काहीही म्हणावं. अगदी मनापासून.

“मग राजीनामा उद्यापर्यंत होल्डवर,” म्हणत जगतापजींनी कागद खिशात टाकला. जेवणाच्या सुट्टीत ते कँटीनच्या आरशासमोर उभे राहून पुटपुटताना दिसले, “इडियट. इडियट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरूच होईना. डेव्हिडने वायरी तपासल्या, पॅनल उघडलं, इंग्लंडला फोन लावला. जगतापजी हात मागे बांधून बघत होते. मग शांतपणे मशीनच्या मागे गेले आणि लाल इमर्जन्सी बटण फिरवून सोडलं. हे बटण दाबलेलं असेल तर मशीन काही केल्या चालत नाही. आदल्या संध्याकाळी ते स्वतः डेव्हिडनेच दाबलं होतं.

मशीन घरघरलं. सगळा शॉपफ्लोर भोवती जमला होता. जगतापजींनी डेव्हिडच्या पाठीवर सणसणीत थाप मारली, छाती भरून घेतली आणि म्हणाले,

“यू इडियट... जी!”

यादवजी हसत खालीच बसले. वेल्डिंगवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. डेव्हिडला ‘जी’चा अर्थ सांगितला, तेव्हा त्याने जगतापजींना मिठीच मारली.

“काय करू मॅडम,” जगतापजी ओशाळून म्हणाले, “जीभच वळेना.” त्यांनी खिशातून राजीनामा काढला, हाताचं ऑइल त्याला नीट पुसलं आणि बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

शिवी किती तिखट आहे ते मी आता नंतर बघते. आधी एवढंच विचारते, समोरच्याला ती परत देता येते का?