उजेडाच्या टेबलावरची पेंग

तेवीस मे, शुक्रवार. संध्याकाळी परसातल्या नळाशी बसून डब्याच्या झाकणातलं रबर काढत होते. डबा रोज घासला जातो, रबर कधीतरी निघतं. आगकाडीने उचकटलं तर खाली काळा, बुळबुळीत थर, आणि त्याला जुन्या कालवणाचा वास. हे मी रोज नाकाखाली उघडत होते. शिसारी आली. खरं म्हणजे ती सकाळपासूनच आलेली होती, आणि माझी मलाच आली होती.

मी तेव्हा मिरजोळ्याला आंबापोळीच्या कारखान्यात तपासणीला होते. जाड काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. वाळलेली पोळी काचेवर पसरली की उजेड तिच्यातून आरपार येतो आणि आत जे काही अडकलं असेल ते काळं दिसतं. केस, मुंगी, माशीचा पंख. पोळी स्वच्छ असेल तर ट्रेवर आपल्या नंबरची चिठ्ठी लावायची, तोच नंबर पुढे पाकिटावर पडतो. माझा नंबर सात. या कामाला डोळे लागतात, आणि ते उघडे असून भागत नाही, त्यांच्यामागे माणूस जागा लागतो.

दुपारी दोननंतर तो जागा नसायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार एकवेळ बरे, कारण वार पाळणाऱ्या बायका बेताचं जेवायच्या. बुधवारी आणि शुक्रवारी मासे. मासे आले की भाताचा डोंगर आला, त्यावर कालवण, शेवटी कढीबरोबर आणखी भात. बोटं चाटून, काटे कागदावर थुंकून, हात नीट न धुता बायका टेबलाला येऊन बसायच्या. बेसिनमध्ये शितं तुंबलेली, टेबलावर ढेकरा. सव्वादोनला माना डुलायला लागायच्या. बुधवार-शुक्रवारच्या दुपारी जास्त माल पास व्हायचा. साहेबांना वाटायचं माल चांगला आहे. माल तोच होता, कुणाला काही दिसत नव्हतं इतकंच.

मी कामावर भात खात नसे. एक भाकरी, कुळथाची उसळ, ताक. भात रात्री घरी. यावरून माझी थट्टा ठरलेली.

“काकी, घाटावर लग्न ठरलंय काय तुमचं? भाकऱ्यांची सवय करताय!”

“ठरलं तर करवली म्हणून तुलाच नेईन. पण दोन वाजता जागी राहशील तर.”

मार्चमध्ये एक नवी बाई आली. खाडीकाठच्या गावची, पस्तिशीची, नवरा मुंबईला कामाला. नंबर चौदा, जागा माझ्यासमोर. तीन महिने उमेदवारी, काम पटलं तर कायम. नजर फार चांगली होती तिची. आम्ही सगळ्या डबे मध्ये ठेवून वाटून खात असू. तिच्या डब्याला मी हात लावत नव्हते, कारण त्यात भात आणि मासे. इतरजणींच्या भातालाही लावत नव्हते, पण ते नव्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

आदल्या आठवड्यातल्या बुधवारी तिने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं कालवण आणलं. वाटी माझ्यापुढे सरकवली. मी नेहमीसारखी मान हलवली.

“काकी,” ती हसत म्हणाली, “आमच्या घरचं चालत नाही काय तुम्हाला?”

हसत म्हणाली खरी, पण ‘आमच्या घरचं’ या शब्दांवर सगळ्यांचे घास थांबले. त्याचा अर्थ तिथे प्रत्येकीला कळला, मलाही. साधं सांगता आलं असतं, की बाई गो, मला भाताने झोप येते. ते सोडून मी तिचा डबा पुढे ओढला आणि सगळ्यांना दिसेल असं जेवले. भात घेतला, परत घेतला. शिंपल्या चोखल्या, वाटीतला रस्सा भातावर निपटून घेतला. माझं मन किती मोठं आहे हे दाखवायला मी जनावरासारखं खाल्लं. ती मात्र खूश झाली होती.

दोन वाजता मी काचेपुढे बसले. पोट टम्म, तोंडात लसणाचा वास, खालून उजेडाची धग. हात पोळ्या उचलत होते, पसरत होते, पुढे सारत होते. मी नव्हते. कधीतरी तिचा हात खांद्याला लागला.

“काकी, डोकं टेका जरा. मी बघते.”

डोकं टेकलं. उठले तेव्हा माझे तीन ट्रे पुढे गेलेले होते. झोपेत पास केलेले, मी चिठ्ठी न लावलेले. माझा गठ्ठा माझ्या डोक्याखाली, आणि मी बोलणी खाऊ नये म्हणून तिने त्या ट्रेंना आपल्या चिठ्ठ्या लावून टाकल्या होत्या. “उद्या मला पेंग आली तर तुम्ही लावा,” म्हणाली. आम्ही दोघी हसलो. एकमेकींच्या चिठ्ठ्या लावणं तिथे सगळ्याच करत, मीही तोवर त्याला काही म्हटलं नव्हतं.

आणि तेवीस तारखेला सकाळी साहेब एक परत आलेलं पाकीट घेऊन टेबलाशी आले. पोळीत झुरळाचा पाय होता, काट्यांसकट, आणि शेजारी चिकटलेला अर्धा तपकिरी पंख. त्यांनी पाकीट हातोहात फिरवलं.

“कोण खाणार बोला. आज मासे आहेत ना डब्यात? त्याच्याबरोबर घ्या.”

त्यांनी पाकिटावरची तारीख वाचली, तिसऱ्यांच्या बुधवारची, मग नंबर. चौदा.

“तुमचे तीन महिने भरत आलेत ना? उद्या सकाळी बोलू.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी काचेकडे पाहिलं. काचेवर तेव्हा काही नव्हतं, नुसता पांढरा उजेड. मी पुढची पोळी पसरली. तिनेही आपली पसरली. जेवायच्या सुट्टीत ती डबा घेऊन एकटी पायरीवर बसली, आणि मी माझी भाकरी पूर्ण खाल्ली. दुपारभर मी टक्क जागी होते, आणि इतर बायका माझ्याशेजारी पेंगत होत्या.

रबर घासून झालं तरी हाताचा वास जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधीची एसटी धरली आणि साहेब खुर्चीत बसायच्या आत त्यांच्या दारात उभी राहिले. सांगितलं, तो ट्रे माझा, झोपेत पास केलेला. तिने फक्त चिठ्ठी लावली.

“काल का नाही बोललात?”

“घाबरले.”

“मग आता टेबल सोडावं लागेल. बाठ्यांकडे जा. चौदा नंबरला राहू दे इथे.”

बाठ्यांची शेड मागे आहे. रसातून निघालेले बाठे, साली, आणि त्यांच्यावर माश्यांचं मोहोळ. सात नंबरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवून बाहेर आले तर ती दारात.

“काकी, चिठ्ठी मीच लावली होती ना...”

“लावलीस ते चुकलं. पुन्हा कुणाची लावू नको. माझीसुद्धा.”

मग मी पदर खोचला, हातमोजे मागून घेतले आणि बाठे उपसायला लागले.