झाकणभाऊंचे दार

उघड्या दारापुढून भाऊ सरळ जाऊ शकत नसत. कपाट असो, डबा असो, दुसऱ्याच्या घरचा फ्रिज असो. ते थांबत, लावून घेत, मगच पुढे जात. सेलूजवळच्या ज्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी व्यवस्थापक होतो, तिथले वीजकाम त्यांच्याकडे होते. कामगारांनी त्यांचे नाव झाकणभाऊ ठेवले होते. ते त्यांना ठाऊक होते. त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

जिनिंगच्या हवेतच कापूस असतो. त्याचे बारीक तूस विजेच्या पॅनलच्या जाळीवर साचते, फट मिळाली की आत शिरते, आणि आत ठिणगी असते. भाऊ पॅनलच्या दाराच्या कडेत कागदाचा कपटा ठेवून दार लावत आणि तो ओढून पाहत. कपटा सहज निघाला, तर कडेची रबरी पट्टी त्याच दिवशी बदलली जाई. हवेच्या पाइपने कुणी पॅनल झाडू लागला, की ते पाइप काढून घेत आणि हाती ब्रश देत. म्हणत, "हवेनं धूळ जात नाई. आतमंधी घर करते."

त्यांना एकच मुलगी. ती आर्वीला दिलेली. जावई आमच्याच, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवरच्या टोळीचा मुकादम. हंगामभर तो जिनिंगवर राहत असे. अधिक महिन्यात भाऊंनी त्याला घरी बोलावून, पाय धुऊन वाण दिले होते. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत होती आणि ती त्यांनी पाळली होती.

एका वैशाखात पॅनल तापून प्रेस वारंवार बंद पडू लागला. भाऊ जाळी साफ करत, पॅनल निवू देत, मगच प्रेस चालू करत. टोळीची मजुरी गाठीवर. प्रेस थांबला की तीही थांबे. इतर जिनिंगांत अशा वेळी दार उघडे टाकून समोर कूलर लावतात. टोळीला तेच हवे होते. मी नकार दिला, तेव्हा ती जावयाला पुढे करून थेट भाऊंकडे गेली.

"मामाजी, येवढं एक दार उघडा. सारे उघडून चालवून राह्यले, आपलंच काऊन बंद?"

भाऊ जागचे हलले नाहीत. "जवाईबापू, घरी या. जे मांगान थे देतो. इथं नाई."

मागून कुणीतरी बोलले, "मुकादम, सासऱ्यानं तुमच्यावरच झाकण लावलं." टोळी हसली. जावई हसला नाही.

हंगाम पार पडला. काहीही झाले नाही. भाऊंचे काम तेच होते, की काही होऊ नये. त्यामुळे ते बरोबर होते याचा पुरावा कुणाच्या हाती नव्हता. त्या दिवाळीला जावयाने मुलीला माहेरी पाठवले नाही. चारचौघांत मान गेला, चारचौघांत चूक कबूल करा, असे त्याचे म्हणणे. घरात माफी मागून मिटवा, असे मी भाऊंना सुचवले. जावयाला ते चालणार नव्हते. आणि टोळीपुढे चूक म्हटली, तर दुसऱ्या दिवसापासून दार उघडे राहील, हे भाऊ जाणून होते. मुलगी पुढच्या दिवाळीलाही आली नाही.

निवृत्तीनंतर भाऊ सिंदी मेघेला राहू लागले. नव्या हंगामाच्या मुहूर्ताला ते न बोलावता आले. सगळी टोळी जमलेली होती. ते जावयापुढे उभे राहिले.

"जवाईबापू, तुमचा मान गेला, त्यापाई हात जोडतो."

जावयाने विचारले, "आन दार?"

भाऊ म्हणाले, "दार बंदच राहू द्या."

जावई वळून प्रेसकडे गेला. फाटकापाशी भाऊ मला म्हणाले, "सायेब, पोरीले सांगजा, म्या हात जोडले."

मी आर्वीला गेलो आणि सांगितले. मुलीने चहा पुढे ठेवला. मग हळूच विचारले, "दार उघडा म्हनले का बाबा?"

मी नाही म्हणालो.

"मंग थे बाबाच होते," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याही दिवाळीला ती आली नाही. त्यापुढच्या दिवाळीला भाऊ नव्हते.