उजव्या खांद्यावरच्या दोन थापा

आधीच सांगून ठेवतो, इथले अनुभव मी टाइमपास म्हणून वाचतो. चकवा, पांढरी साडी, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि बायकोला फॉरवर्ड करायचं. इतकी वर्षं घाटांतून बाइक चालवतोय, एक भूत कधी आडवं आलं नाही. त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो.

मी भांडुप पश्चिमेचा, टेकडीच्या बाजूला आमची सोसायटी आहे. मूळ गाव कणकवलीजवळ. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका कारखान्यात पॅकिंगला लागले. मला नोकरी लागल्यावर मी हप्त्यावर बाइक घेतली आणि तिच्या मागच्या सीटवर सगळ्यात आधी बसले ते बाबा. तेव्हापासून गणपतीला गावी जायचं ते बाइकनेच. मग गोवा झालं, कच्छ झालं, स्पितीसुद्धा झालं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कानटोपीवर हेल्मेट चढवून, बर्फाच्या पाण्यातून मागे बसून गेलाय. आमच्या बाइक ग्रुपमधली पोरं त्यांच्यासोबत सेल्फी काढायला रांग लावायची. फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, आहेच ती फुशारकी. माझ्या बाबांसारखा पिलियन कुणाकडे नाही.

वाऱ्यात त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. मागून मोठी गाडी येत असली किंवा मी नको तितका मधे घुसलो की माझ्या डाव्या खांद्यावर दोन थापा. एक थाप, मग श्वास घेण्याएवढी गॅप, मग दुसरी. अर्थ एकच, डावीकडे सरक. इतक्या वर्षांत ती थाप पडली आणि मी सरकलो नाही असं झालं नाही. आणि हेही लक्षात ठेवा, त्यांनी कधीच, अगदी एकदाही, उजव्या खांद्यावर थाप मारलेली नाही. आपल्याकडे उजवीकडे सरकायला सांगणार कोण?

माझी बायको मृणाल बोरिवलीची. लग्नाआधी तिने सायकलही धड चालवली नव्हती. चाळिशीत आरेच्या रस्त्यावर बाइक शिकली, दोनदा गुडघे फोडून घेतले, आणि आता माझ्यापेक्षा छान वळणं घेते. आम्ही दोघांनी दोन बाइकवर भूतान केलं, नेपाळ केलं, श्रीलंका केली. आमच्या फ्रिजवर मॅग्नेट लावायला जागा उरलेली नाही. गिरणी कामगाराच्या पोराने आणि बोरिवलीच्या या बाईने परदेशात बाइक फिरवल्या, याचा मला फार अभिमान आहे.

गेल्या वर्षी व्हिएतनाम ठरलं. बाबांनी हौसेने पासपोर्ट काढून ठेवला होता. पण खुब्याचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी बाइकवर बसायला साफ नाही म्हणून सांगितलं. बाबा चिडले नाहीत, त्यांनी पासपोर्ट परत कपाटात ठेवून दिला. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आमच्याकडे ट्रिपच्या आधी गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे. देवापुढे नारळ ठेवून घरातल्या वडीलधाऱ्याने गावच्या देवाला मोठ्याने सांगायचं, आम्ही अमुक ठिकाणी चाललोय, राखण कर. बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबा दर वेळी ते खाली पार्किंगमध्येच घालतात, सगळी सोसायटी जमते. मला त्याची जरा लाजच वाटायची. या वेळी तर न्यायची बाइकही नव्हती, तिथे जाऊन भाड्याने घ्यायच्या होत्या. तरी बाबा काठी टेकत खाली उतरले. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, तिथे गाड्या कुठल्या बाजूने चालतात. मी उजव्या म्हणून सांगितलं होतं. तेवढं लक्षात ठेवून त्यांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां परमुलखात जातत."

"व्हय म्हाराजा."

"थयसर गाडयो उजव्या अंगान चलतत. ह्यां तुका म्हायत नसतलां, म्हणान आधीच सांगतंय."

लोक खो-खो हसले. देवाला ट्रॅफिकचे नियम सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. मृणालने मला चिमटा काढला. मी मान खाली घालून 'व्हय म्हाराजा' पुटपुटलो. निघताना बाबा एवढंच म्हणाले, की मागची सीट मोकळी नेऊ नको. मी तिथे पोचल्यावर माझी बॅग मागे बांधली.

एका सकाळी, उत्तरेकडच्या डोंगरात, आम्ही सामान होमस्टेवरच ठेवून फिरायला निघालो. म्हणजे मागची सीट मोकळी. धुकं होतं. डाव्या हाताला दरी, तिच्या कडेला एक टपरी, तिथे कॉफी प्यायला थांबलो. बाइक टपरीपाशी, डाव्या कडेलाच लावल्या. कॉफी झकास होती, गप्पा रंगल्या. निघालो तेव्हा मी जिथे उभा होतो तिथूनच सरळ पुढे गेलो... डाव्या बाजूने. आयुष्यभराची सवय, आणि समोर रस्ता रिकामा. मृणाल माझ्या मागे, नेहमीप्रमाणे माझीच लाइन धरून.

पुढे रस्ता उजवीकडे डोंगराच्या पोटात वळत होता, पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. आणि माझ्या उजव्या खांद्यावर थाप पडली. मग गॅप. मग दुसरी.

खरं सांगतो, मी दचकलोसुद्धा नाही. बाबा सांगतायत, सरक. एवढंच डोक्यात. मी उजवीकडे डोंगराला चिकटलो, मृणाल माझ्यामागून चिकटली, आणि त्याच क्षणी धुक्यातून लाकडं भरलेला ट्रक उतारावरून दरीच्या बाजूने निघून गेला. आम्ही होतो तिथून. त्याची काही चूक नव्हती, तो त्याच्याच बाजूने चालला होता.

पुढे जाऊन थांबलो. माझं काही झालं असतं तर झालं असतं, पण ती माझ्यावर विश्वास ठेवून मागे येत होती, या विचाराने मला रडू आलं. मृणालने हेल्मेट काढलं. मी तिला अजून एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"तुझं जॅकेट दबलं रे," ती म्हणाली. "उजव्या खांद्यावर. दोनदा. मी बघितलं."

मित्रांची नंतर सगळी कारणं देऊन झाली. वारा असेल, नस उडाली असेल, मनाला आतून धोका कळला असेल. असेल. पण मृणालला मागून काय दिसलं, त्याचं कारण कोणी दिलं नाही.

घरी आल्यावर मी बाबांना खोदून विचारलं. त्या दिवशी काही वाटलं का, स्वप्न पडलं का, हात दुखला का. काही नाही. आई म्हणाली, रोजच्यासारखा चहा-चपाती खाऊन टीव्हीसमोर बसले होते. मग मी थापांचं सांगितलं. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, किंवा ते घाबरतील. त्यांनी आधी सुनेला जवळ बोलावून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "मगे? तेका सांगितलेलां ना मी, उजव्या अंगान म्हणान."

थाप बाबांची होती, की ज्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं त्याची, हे मला आजही कळत नाही. मी देवभोळा झालोय असंही नाही. पण आता न्यूझीलंड ठरतंय, आणि या वेळी गाऱ्हाण्याचं मीच बाबांना सांगितलं. पार्किंगमध्येच, सगळ्यांसमोर. ते ऐकून बाबांनी विचारलं, थयसर गाडयो खंयच्या बाजून चलतत?

मी म्हटलं, डाव्या, आपल्यासारख्याच.

"मगे बरां," बाबा म्हणाले. "तेका सवय असा."