चिंचेवरच्या माहेरवाशिणी

लग्न होऊन मी चांद्याहून गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात आले. सासरचे लोक तळ्यावर मासेमारी करणारे. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोपं रोवण्यालाही जात. अंगणात चिंचेचं मोठं झाड होतं. आषाढात त्यावर करकोचे उतरले आणि पंधरा दिवसांत फांदीफांदीवर घरटी झाली.

झाडाखाली उभं राहवत नसे. विष्ठेचा वास, वाळत घातलेल्या लुगड्यांवर पांढरे डाग. मला चौथा महिना होता. आधीच पोटात अन्न टिकत नव्हतं. एका सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, अंगणावरच्या फांद्या तेवढ्या तोडून टाका. आईला विचारतो, म्हणून तो निघून गेला.

सासूबाई संध्याकाळी रोवण्याहून आल्या. पायांचा चिखल धुऊन त्यांनी मला जवळ बसवलं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्या शांतपणे सांगू लागल्या, की ही पाखरं बांधीतल्या गोगलगायी खातात, झाडाखालची माती त्यांच्यामुळं कसदार होते, तीच आपण परसातल्या वेलांना घालतो. मग म्हणाल्या, "बाळंतपणाले आल्या हायेत त्या. माहेरी आलेल्या लेकीले कोणी हाकलते काय?"

मला रडू कोसळलं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. वडिलांच्या घरी बाईमाणूस नव्हतं. बाळंतपणाला कुठं जायचं, हा घोर मी कोणाला बोलले नव्हते. त्यांना तो न सांगता कळला.

"तुलेबी कुठी जायाचं नाई," पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "इथीच तुह्यं माहेर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी एक जुनं फाटकं जाळं सांधलं, आणि नवऱ्यानं ते झाडाखाली ताणून बांधलं. वाऱ्यानं पिल्लू पडलं की जाळ्यात अडके. तो ते टोपलीत घेऊन वर चढे आणि घरट्यात ठेवी. वास काही कमी झाला नाही. मी लुगडी घरामागं वाळत घालू लागले, एवढंच.

दिवाळीच्या सुमारास पिल्लं उडून गेली. पौषात मला मुलगी झाली. सासूबाईंनी महिनाभर मला गार पाण्यात हात घालू दिला नाही. तळ्यातल्या बारीक मासळीचा रस्सा रोज पुढ्यात येई. आई असती तर तिनं याहून वेगळं काय केलं असतं, मला ठाऊक नाही.

माझी पुढची दोन्ही बाळंतपणंही तिथंच झाली. एकदा वडील न्यायला आले, तर मी त्यांनाच आठ दिवस ठेवून घेतलं.