न पावलेल्या देवांचे नवस

देवांना माझ्या मेव्हण्याइतका त्रास दिलेला माणूस उरणच्या खाडीच्या अल्याड-पल्याड दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगेन. त्याच्या मते ती पायरी कुठलीही असली तरी चाललं असतं. शेवटचं आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते मात्र अगदी साधं. ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून निवट्या धरल्या. बोटाएवढा मासा, चिखलावर टणाटण उड्या मारतो, आणि हात घातला की बिळात. मी बिळं चाचपून घायकुतीला आलो, आणि हा प्रत्येक निवटी टोपलीत टाकताना तिच्याशी काहीतरी पुटपुटत होता. मी म्हटलं, "काय बोलतोस रं तिला?" तर म्हणाला, "माफी मागतो, भावोजी." घरी येऊन कालवण केलं, तेव्हा या माफी मागणाऱ्याने माझ्या दुप्पट खाल्लं. हे सगळं असं होतं, म्हणून त्याच्यावर माझा कधी विश्वास बसला नाही.

मी माणूसच संशयी. जन्म मिठागरात गेला. तिथे डोळे उघडे ठेवले नाहीत तर समुद्र बांध खातो आणि मुकादम मजुरी खातो. बायको लग्नात आपल्याबरोबर हा धाकटा भाऊ घेऊन आली, तेव्हापासून मी त्याच्याकडे बांधाकडे बघावं तसं बघत आलो, कुठे पाझरतोय काय म्हणून. पटकीत त्यांचे आईबाप एका आठवड्यात गेले होते, आणि हिनेच त्याला मांडीवर वाढवलेला. मोठा झाला, अंगाने चांगला धट्टाकट्टा, मीठ ओढायला दोघांच्या बरोबरीचा. पण शनिवारी कामाला हात लावायचा नाही. का, तर पलीकडच्या गावात शनवार तेली राहतात, ते यहुदी लोक, त्यांचा घाणा शनिवारी बंद असतो. अरे, घाणा त्यांचा, देव त्यांचा, तुझं काय? मला वाटलं, आळस आहे, त्याला धर्माचं पांघरूण घातलंय. एका शनिवारी मी त्याच्या मागे मागे गेलो. बघतो तर हा थांबलेल्या घाण्याशेजारी हात मांडीवर ठेवून गप्प बसलेला, आणि म्हातारा तेली त्याच्याकडे बोट दाखवून स्वतःच्या नातवांना झापतोय, "बघा! तो आपला नाय, तरी कसा बसलाय! आणि तुम्ही परसात लपून विटीदांडू!" परत येताना विचारलं, तर म्हणाला, "सा दिवस हात माझे, भावोजी. येक दिवस ते कुनाचे हायत, त्ये बगत बसतो." आता या बोलण्यात चोरी कुठे पकडायची?

रमजानात तो रोजे धरायचा. भर उन्हात, जिथे मिठाच्या चमकेने डोळे फुटतात, तिथे हा पाण्याच्या थेंबाशिवाय फावडं ओढायचा. मी म्हटलं, हा नक्की चोरून पाणी पितो. एक दिवस हातातलं काम सोडून त्याच्यावर नजर ठेवून बसलो. तो माठाकडे गेला की मी माठाकडे, तो झुडपामागे गेला की मी झुडपामागे. दिवस मावळला, पिराच्या दर्ग्यात लोक रोजा सोडायला बसले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्या मागे फिरण्यात मीही सकाळपासून ना पाणी प्यालो ना भाकर खाल्ली. मुजावराने माझ्याही हातात खजूर ठेवला. मेव्हणा म्हणाला, "कबूल झाला तुमचाबी." घरी जाऊन मी हे सांगितलं तर बायको इतकी हसली की तिला चुलीपुढून उठून बाहेर यावं लागलं.

रविवारी किरिस्तावांच्या देवळातल्या गोऱ्या पाद्र्यापुढे शेवटच्या बाकावर, नाताळात बंदरावरच्या क्रूसापुढे मेणबत्ती, आणि गावदेवीची पालखी निघाली की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत खांदा याचाच. पाद्री म्हणाला बाप्तिस्मा घे, मुजावर म्हणाला कलमा पढ, आमचा गुरव म्हणाला गळ्यात माळ घाल. सगळ्यांनी त्याला आत बोलावलं. पण आत आल्यावर दार लावून घे म्हटलं, की हा बाहेर. मला वाटायचं, याला शिरणी, प्रसाद, पाव, सगळीकडचं गोडधोड हवंय. म्हणून तेही बघितलं. खायला मिळेल ते तो वाटेतल्या पोरांना देऊन मोकळा. मग याला पाहिजे तरी काय? ज्याला काही नको असतं त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? मी हे बायकोला बोललो की ती म्हणायची, "अवो, मानूस बाजारातनं येताना चार घरी इचारपूस करतो, म्हनून तो आपलं घर सोडतो काय? तुमचं काय जातं?"

ती चैत्रात आजारी पडली. पोटात दुखायचं, अशी ओरडायची की शेजारचे दार लावून घ्यायचे. वैद्याने काढे दिले, मुंबईहून आणलेली बाटली झाली, काही उतार नाही. मेव्हणा चारी ठिकाणी जाऊन नवस बोलून आला. गावदेवीला ओटी, पिराला चादर, क्रूसाला मेणबत्त्या, आणि तेल्यांच्या प्रार्थनेच्या घरात दिव्याला तेल. मी त्याच्यावर ओरडलो, "येकाला धर! येका खटल्याला चार वकील दिले तर प्रत्येकाला वाटंल दुसरा लढतोय!" आणि ती गेली. तेव्हा मी अंगणात उभा राहून मोठ्याने म्हटलं, बसले चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. तो तिच्या अंगावर घातलेलं पातळ नीट करत बसला.

तेराव्यानंतर मात्र त्याने जे केलं, त्याने माझा जुना संशय परत उठला. तो नवस फेडायला लागला. गावदेवीची ओटी भरली. क्रूसापुढे मेणबत्त्या लावल्या. मग पिराची हिरवी चादर डोक्यावर घेऊन बाजारातून सगळ्यांच्या देखत निघाला. आमच्यात देव पावल्याशिवाय नवस फेडत नाहीत. काम झालं की नारळ, नाही झालं तर देवाचं देवापाशी. मग बहीण मेली, आणि हा फेडतोय? गावात कुजबूज झाली, आणि ती कुजबूज माझ्याही पोटात आधीपासून होती. निवट्या खाल्ल्या त्याच संध्याकाळी गावदेवीपुढे गावकी बसली.

पाटील म्हणाला, "काम झाल्याबिगर कोन नवस फेडतो? तुझी भन मेली, आन् तू फेडतोस. मंग तू मागितलं काय व्हतंस?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मरनच मागितलं असंल! भावोजीचं घर खायला पायजे!"

मी त्याच्याकडे बघत होतो. खरं सांगतो, मलाही तेच ऐकायचं होतं, हो किंवा नाही.

तो म्हणाला, "बायनं सांगितलं ते मागितलं. ती बोलली, मी वाचत न्हाय, जगायचं नको मागू. दुखायचं थांबव म्हनून माग. तेवढंच मागितलं. थांबलं का न्हाय, भावोजींना इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ती शेवटची सकाळ आठवली. ती ओरडली नव्हती. उठून बसली, पेज मागितली, दोन घोट प्याली, माझ्या कोपरीचं बटण तुटलेलं बघून मला रागावली, आणि उन्हं ओटीवर यायच्या आत झोप लागल्यासारखी गेली.

मी म्हटलं, "थांबलं व्हतं."

पाटील थोडा नरमला. "बरं. मंग कंच्या देवानं थांबवलं?"

"त्येच मना म्हाईत न्हाय," मेव्हणा म्हणाला, "म्हनून चौघांचं फेडतो. येकाद्याचं ऱ्हाऊन गेलं, आन् नेमका तोच असला तर?"

लोक हसले. पाटील हसला नाही. म्हणाला, "झालं ते झालं. आता हितं देवीपुढं सांग, ह्याच्याफुडं गावदेवी येकलीच, बाकीचे सोडले. न्हायतर तू वाळीत. आन् तुला जो जेवू घालील तोबी."

मेव्हण्याने देवीकडे बघितलं. मग म्हणाला, "पाटील, माझ्या भनीचं दुखनं ज्यानं काढलं त्याला कसं सोडायचं? तो कोन हाय ते तुमीच दावा, बाकीच्या तिघांना आत्ता सोडतो."

मी उठलो. मी काही चांगलं बोलणारा माणूस नाही. म्हटलं, "ह्याचा येकबी देव मना पटत न्हाय. पन ती वरडायची तवा तुमी दारं लावलीत. हा उशाला बसला व्हता. हा माझ्याकडं जेवनार." पाटील म्हणाला, "मंग तूबी बसशील वाळीत. दारात कोन येनार न्हाय, मेलास तर खांदा न्हाय." मी म्हटलं, "बसंन." आणि आम्ही घरी आलो. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुमी कशाला बोललात, भावोजी?" मी म्हटलं, "झोप."

सकाळी उठलो तर त्याचं गाठोडं बांधलेलं. तेल्यांच्या दिव्याचं तेल तेवढं राहिलं होतं, ते हातात. मी म्हटलं, "तिथनं माघारी यायचं." तो म्हणाला, "मी हितं राहिलो तर तुमाला कोन पानी देनार न्हाय. बाय मना बोलंल." मी म्हटलं, "ती मेली." तो म्हणाला, "व्हय, पन बोलंल." मग दाराबाहेर जाऊन वळला, वाकला, आमच्या घराच्या उंबऱ्यावर डोकं टेकवलं, जरा वेळ तसाच राहिला, आणि बांधावरून चालू लागला. मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं. नाही बघितलं.

तो दिसेनासा झाल्यावर मी उंबऱ्याशी गेलो. म्हटलं, काय ठेवून गेलाय बघू, अंगारा, दोरा, काहीतरी. वाकून हाताने चाचपलं. काही नव्हतं, लाकूड तेवढं गार लागलं. वाकलोच होतो, म्हणून मग थोडा वेळ तसाच राहिलो.