बसमध्ये ऐकू येणाऱ्या मॅडम

स्कूटी घेतली आणि माझी बस सुटली. पण गडमुडशिंगीहून कोल्हापूरला जाताना चढ लागला की बसमधली ती पोरगी अजून आठवते. रोज माझ्या शेजारी बसायची. रतिबाच्या दुधाची किटली दोन्ही पावलांत धरलेली, एका कानात हेडफोन. नाव मी कधी विचारलं नाही.

लग्नामुळं तिची पदवी अडकली होती. कमी पडलेली क्रेडिट ऑनलाइन कोर्स करून भरता येतील, असं कॉलेजनं सांगितलं होतं.

एकदा तिनं दुसरा हेडफोन सरळ माझ्या कानात घातला. "अक्का, ह्यो सर ऐकू येतोय का बगा की."

चढाला गाडीनं गियर बदलला आणि सरांचा आवाज बुडाला.

"मग ह्यो न्हाय," म्हणत तिनं मोबाइलवरच्या तीन कोर्सांपैकी पुढच्याचे सर लावले.

मी शिष्टपणे म्हटलं, "अगं, आवाजावरून कोर्स निवडतात होय?"

"कॉलेजात इचारून आलोय की. तिन्हीचं क्रेडिट धरत्यात, तिन्ही फुकटच हायती. घरात ऐकाय कोण देतंय? बसमधी ऐकू येतोय त्योच आपला सर."

शेवटी एक खणखणीत आवाजाच्या मॅडम ठरल्या. पुढं कित्येक महिने त्या आम्हा दोघींच्या मध्ये बसून कोल्हापूरला आल्या.

मग एका सकाळी तिचे दोन्ही कान मोकळे दिसले.

"झालं?"

"व्हय. क्रेडिट चढलं. डिग्री मिळत्या आता."

तेवढ्यात चढ लागला, गाडीनं गियर बदलला, आणि ती दचकलीच.

"अगं बाई! अक्का, ही गाडी रोज एवढी वरडायची?"