दीड टिकली

फोन आला तेव्हा माझ्या हातात एका आजोबांचा दंड होता. पट्टा बांधलेला, शीर सापडलेली, सुई आत. मी नळी भरू दिली, कापूस दाबला, त्यांना हात दुमडून धरायला सांगितलं आणि मग फोन घेतला. अँटॉप हिलच्या आमच्या कॉलनीतले शेजारी होते. ‘‘वहिनी, श्रीधर गाडीपाशी बसलेत... म्हणजे, बसलेलेच आहेत.’’ रविवारी मोटारसायकलशेजारी भिंतीला टेकून, हातात पाना घेऊन बसलेला माझा नवरा हे इतकं नेहमीचं दृश्य होतं, की लोक ‘‘काय, सापडलं का?’’ विचारून बाजूनं निघून गेले होते. उत्तर आलं नाही याचंही कुणाला काही वाटलं नाही. गाडीशी खटपट करताना तो बोलायचाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पटकन गेले. त्याला आता दोन महिने होऊन गेले.

ती गाडी त्यानं ऑफिसातल्या एका मित्राकडून जुनी घेतली, मला सकाळच्या पाळीला परळला सोडायला. मी हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करते. गाडी दिसायला बरी होती, पण नायगावच्या पुढे वेग घेतला की इंजिनाची थरथर सीटमधून, पायांतून, मागच्या लोखंडी कडीतून अंगात शिरायची. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसायचे आणि डाव्या हातानं ती कडी घट्ट धरायचे. हॉस्पिटलात पोचेपर्यंत बोटांना मुंग्या आलेल्या असायच्या. आमच्या कामात उजवा हात सुई धरतो, पण शीर शोधतात ती डाव्या हाताची बोटं. ती बधिर असली की माणसाचा हात नुसता हात असतो, आत काही लागत नाही. हे मी त्याला सहज बोलले आणि त्याच्या मागे आयुष्यभराचं काम लागलं.

श्रीधर सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. मोजमापाशिवाय त्याला चैन नसे. थरथर मोजायची कशी? त्यानं डावा आरसा आत वळवला, रस्ता सोडून माझ्या तोंडाकडे. सिग्नलला गाडी थांबली की म्हणायचा, ‘‘काच वर कर.’’ मी हेल्मेटची काच वर करायची. आरसा थरथरत असायचा आणि त्यात माझ्या एका टिकलीच्या दोन दिसायच्या.

‘‘किती?’’

‘‘दोन. आणि चार डोळे वटारलेले.’’

‘‘समोर बघ रे, सिग्नल सुटला.’’

घरात सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे. गाडीवर अरे.

दिसेल तो बोल्ट कसणं हा त्याचा पहिला उपाय, आणि तीच चूक. जितकं कसलं तितक्या टिकल्या लांब गेल्या. शेवटी लालबागच्या दत्ता मेकॅनिकनं कपाळाला हात लावला. ‘‘सायेब, कसून कसून तुम्ही तिला वाकडी बसवलीय. तिला जरा मोकळी सोडा की!’’ त्यानं झिजलेली रबरं बदलली, इंजिन धरणारे सगळे बोल्ट ढिले केले, गाडी तशीच चालू ठेवली. इंजिन हलत हलत आपल्या जागी बसलं, मग त्यानं एकेक बोल्ट आवळला. परत येताना हिंदमाताच्या सिग्नलला श्रीधर ओरडला, ‘‘दीड!’’ शेजारचा टॅक्सीवाला बघायला लागला. ‘‘एक पूर्ण, एक तिला चिकटलेली. दीड टिकली!’’ घरी पोचल्यावर त्यानं काच वर करण्यापासूनचं सगळं आमच्या मुलीला, रेवाला, सांगितलं.

ती अर्धी काही गेली नाही. दत्ता म्हणाला, ‘‘वहिनी, जुनी गाडी हाय, थोडी हलणारच. आपण नाय हलत काय?’’ मला पटलं. श्रीधरला नाही.

मग एक दिवस एका म्हातारीची शीर माझी दोनदा चुकली. तिचा दंड काळानिळा झाला, वर तीच मला म्हणाली, ‘‘असूं दे गो बाय.’’ घरी आल्यावर मी ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली. ‘‘कडी सोड. मला धर.’’

‘‘गॅलरीत आई उभ्या आहेत.’’

‘‘मग? तिच्याच मुलाला धरतेयस.’’

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मुलगी शाळेत होती, आणि मी उघड्यावर नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला लाजत होते! त्या दिवशी कडी सोडली. डावा हात मांडीवर, उजवा त्याच्या खांद्यावर. मुंग्या गेल्या त्या गेल्याच. इंजिन तेच, रस्ता तोच.

तरी तो रविवारी पाना घेऊन खाली बसायचाच. मी म्हटलं, ‘‘आता कशाला खपतोस?’’ तर म्हणाला, ‘‘उद्या रेवा चालवेल ना. तिचा खांदा एवढासा. तू पुन्हा कडीच धरशील.’’

तो गेल्यावर टिकली लावायची राहून गेली. कुणी काढ म्हणालं नाही, कुणी लावही म्हणालं नाही. मी आठवडाभरात कामावर गेले, बसनं. मग गेल्या सोमवारी रेवानं गाडीची किल्ली घेतली. आता तिच्याकडे लायसन्स आहे. मी मागे बसले आणि नकळत कडी धरली. हिंदमाताला सिग्नल लागला.

‘‘आई, हा डावा आरसा बघ. मागचं काहीच दिसत नाही, तूच दिसतेस.’’

‘‘माहितेय. सरळ कर तो. धोक्याचं आहे.’’

तिनं आरशाला हात लावला... आणि तसाच ठेवला. ‘‘काच वर कर,’’ म्हणाली. मी केली. तिनं बराच वेळ बघितलं.

‘‘एकपण नाही गं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिकली लावली. सासूबाईंनी पाहिलं आणि माझ्या हातात डबा दिला. सिग्नलला मी आपणहून काच वर केली.

‘‘किती?’’

‘‘दीड,’’ रेवा म्हणाली आणि तिनं आरसा रस्त्याकडे वळवला.

सिग्नल सुटला. मी कडी सोडली आणि तिचा खांदा धरला. एवढासा काही नाहीये तो.